वर्गणी, वही आणि वार्षिक सभा

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावात संस्था काढणे अवघड नाही. सात सज्ञान माणसे, एक नाव, उद्देशांचा कागद आणि त्याखाली सह्या, एवढ्यावर १८६०चा संस्था नोंदणी अधिनियम तुम्हाला उभे राहू देतो. बसस्थानकासमोरच्या हॉटेलात चहा येईपर्यंत सात नावे निघतात आणि चहा संपेपर्यंत अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ठरलेले असतात. खरी अडचण पाच-सात वर्षांनी येते. कोषाध्यक्षांची बदली होते. सचिवांचे अध्यक्षांशी बोलणे बंद होते. प्रोसिडिंगची वही कोणाच्या कपाटात आहे हे कोणी सांगत नाही. बँकेतले साहेब म्हणतात की नव्या सह्या आम्हाला चालणार नाहीत, आधी धर्मादाय कार्यालयाचा आदेश आणा. कितीतरी वाचनालये, व्यायामशाळा आणि मंडळे या टप्प्यावर येऊन थांबतात. पाटी असते, पाटीवर नोंदणी क्रमांक असतो आणि दाराला कुलूप असते.

ठरावीक माणसांनी वर्गणी भरून चालवलेल्या संस्थेचा कारभार कसा असतो आणि कसा असावा, हा या पुस्तिकेचा विषय आहे. मग ती मुंबईच्या मरीन लाइन्सवरचा जिमखाना असो, पुण्यातला डेक्कन जिमखाना असो, तालुक्याचा वकील संघ असो, की वीस बायकांचा बचत गट. इमारत, पैसा आणि प्रतिष्ठा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण या सगळ्यांपुढचे प्रश्न तेच आहेत. आत कोणाला घ्यायचे, पैसे कोणी सांभाळायचे, हिशेब कोणाला दाखवायचा, भांडण कोणी मिटवायचे आणि खुर्चीवर बसलेल्याने उठायचे केव्हा. यांतला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि आपल्या बहुतेक संस्थांच्या घटनेत त्याचेच उत्तर सर्वांत त्रोटक असते.

‘क्लब’ या पाटीकडे आपल्या भागात लोक जरा संशयाने पाहतात, आणि त्याला कारण आहे. करमणुकीच्या क्लबची नोंदणी करायची, आत पत्त्यांचा डाव मांडायचा आणि छापा पडला की ‘हे सगळे आमचे सभासद’ म्हणायचे, हा प्रकार जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बातम्यांत अधूनमधून येत असतो. खरा क्लब आणि क्लबच्या नावाखाली चालणारा धंदा यांत फरक करायचा कसा, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९६७-६८च्या सुमारास एक निकाल दिला. प्रकरण सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबचे होते. तिथे सभासद पैसे लावून रमी खेळत आणि क्लब खेळापाठीमागे थोडी रक्कम घेई. न्यायालयाने म्हटले की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, आणि खोली, पत्ते, टेबल-खुर्च्या पुरवल्याबद्दल क्लबने सभासदांकडून थोडे शुल्क घेतले म्हणून ते जुगारघर ठरत नाही. पण खेळातून मालक किंवा क्लब नफा कमावत असेल तर गुन्हा शाबीत होऊ शकतो, हेही त्याच निकालात आहे.

पत्त्यांपलीकडेही ही कसोटी लागू पडते. सभासदांचा पैसा सभासदांच्याच सोयीसाठी फिरून परत येतो का, की मधे कोणी एकजण तो काढून घेतो, एवढे तपासले की संस्था कोणाची आहे हे कळते. बाहेर कितीही मोठी पाटी असली, समितीवर कितीही नावे असली, तरी नफा एका घरात जात असेल तर तो त्या घराचा व्यवसाय आहे. व्यवसाय करण्यात काही वाईट नाही. त्याला संस्था म्हणू नये, इतकेच.

हाच विचार कराच्या बाबतीत फार पुढे गेला. माणूस स्वतःलाच वस्तू विकू शकत नाही, म्हणून सभासदांच्या क्लबने सभासदाला चहा-फराळ दिला तर ती विक्री नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या यंग मेन्स इंडियन असोसिएशनच्या खटल्यात १९७० साली म्हटले. १९८२ साली असा पुरवठाही विक्री मानण्यासाठी घटनादुरुस्ती झाली, तरी २०१९ साली कलकत्ता क्लबच्या प्रकरणात न्यायालयाने हे तत्त्व कायम ठेवले. त्यावर संसदेने २०२१च्या वित्त अधिनियमाने वस्तू व सेवा कराच्या कायद्यात दुरुस्ती करून क्लब आणि सभासद या दोन वेगळ्या व्यक्ती मानल्या, तेही १ जुलै २०१७पासून. मोठ्या शहरांतल्या क्लबांना या वादाचा रोजचा ताप आहे. सेनगावच्या वाचनालयाला तो नाही, म्हणून मी त्यात अधिक शिरत नाही.

दाराचा प्रश्न मात्र सगळीकडे आहे. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या क्लबात नव्या माणसाला एका सभासदाने सुचवायचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, नाव फलकावर लावायचे आणि मग गुप्त मतदान घ्यायचे, अशी रीत होती. मतदान पेटीत पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकून होई, आणि ठरावीक काळ्या गोट्या निघाल्या की उमेदवार बाद. कारण सांगण्याची कोणावरही सक्ती नसे. ओळखीच्या माणसांना ओळखीच्याच माणसांत बसायचे असते, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण कारण न सांगता दार बंद करण्याच्या सोयीने काय काय केले, तेही मांडले पाहिजे. भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३मध्ये ज्या मैदानावर झाला, त्या १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यात भारतीयांना तेव्हा सभासद होता येत नव्हते. युरोपीय आणि भारतीय दोघांनाही सभासद करून घेणारा विलिंग्डन क्लब मुंबईत निघाला तो १९१७ साली.

दार फक्त गोऱ्यांनीच बंद ठेवले असे नाही. मुंबईत पारशी, हिंदू आणि मुस्लिम समाजांचे जिमखाने धर्माधर्मावर उभे राहिले. त्यांतल्या १८९४च्या हिंदू जिमखान्याने आणि त्याआधी पुण्यातल्या हिंदू खेळाडूंनी पाळवणकर बाळू यांना संघात घेतले, कारण त्यांच्यासारखा डावखुरा फिरकी गोलंदाज दुसरा नव्हता. बाळू चांभार समाजातले होते. पुण्यात मैदानावर त्यांच्या हातातला चेंडू चालत होता, पण चहाच्या वेळी ते पॅव्हेलियनबाहेर बसत आणि त्यांचा चहा वेगळ्या भांड्यात येई. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. १९२० साली या अन्यायाविरुद्ध त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले तेव्हा कुठे समिती हलली, आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. हे उदाहरण मी मुद्दाम देतो. सभासदत्वाच्या अर्जावर जातीचा रकाना नसला तरी जात दारात उभी असू शकते, आणि सेनगाव तालुक्यात ती नाही असे प्रामाणिकपणे म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. वाचनालयाची कार्यकारिणी गावाच्या एकाच गल्लीतली का असते, हा प्रश्न प्रत्येक संस्थेने वर्षातून एकदा तरी स्वतःला विचारावा.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या जन्माचे निमित्त आपल्या विषयाशी थेट जुळते, कारण पर्वती संस्थानच्या पंचांच्या कारभाराबद्दल लोक नाराज होते आणि दाद मागायला एक संघटित मंडळ हवे होते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी पुढाकार घेतला. या सभेचे सभासद होण्यासाठी नुसती वर्गणी पुरत नसे. किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुरुवातीच्या ९५ सभासदांमागे ६ हजारांवर लोकांच्या सह्या होत्या. मतपेट्या देशात यायच्या कितीतरी आधी एका खासगी संस्थेने ‘तू कोणाच्या वतीने बोलतोस’ हे सभासदाला विचारले होते. दार बाहेरच्या माणसांना अडवण्यासाठी असते, तसे ते आत येणाऱ्यावर जबाबदारी टाकण्यासाठीही वापरता येते, हे त्या अटीने दाखवले.

मराठवाड्यात संस्था काढण्याला आणखी एक इतिहास आहे आणि तो आपण विसरत चाललो आहोत. निजामाच्या राज्यात १९२९च्या ‘गश्ती निशान त्रेपन्न’ या परिपत्रकाने जाहीर सभेसाठी सरकारची आगाऊ परवानगी सक्तीची केली. उघड राजकीय काम करता येत नव्हते, तेव्हा वाचनालय, तालीम, खासगी शाळा, गणेशोत्सव आणि साहित्यसभा हीच माणसे एकत्र येण्याची ठिकाणे होती. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ते याच वातावरणात. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आले, आणि पुढे निजामाविरुद्धच्या चळवळीतली कितीतरी माणसे सार्वजनिक जीवनात दिसली. ठराव मांडणे, अनुमोदन देणे, मत नोंदवणे, वर्गणीची पावती फाडणे या गोष्टी त्यांनी अशाच लहान सभांत शिकलेल्या होत्या. त्या पिढीला वाचनालयाचा सभासद होणे ही किरकोळ बाब वाटत नसे.

आज तालुक्यात शिस्तीने चालणारी सभासदांची संस्था कोणती, असे कोणी विचारले तर मी महिलांच्या बचत गटाकडे बोट दाखवतो. नाबार्डने १९९२ साली ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, आणि पुढे महिला आर्थिक विकास महामंडळाने (माविम) आणि उमेद अभियानाने ते काम गावोगावी नेले. गटात दहा ते वीस बायका असतात. वीसच का, याचे उत्तर कंपनी कायद्यात आहे. १९५६च्या कायद्याप्रमाणे वीसपेक्षा जास्त माणसांना नोंदणी न करता नफ्यासाठी एकत्र व्यवसाय करता येत नव्हता, म्हणून नोंदणीची कटकट टाळण्यासाठी ही मर्यादा पाळली गेली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि हिशेबाचे अद्ययावत लेखन ही पंचसूत्री आता न शिकलेल्या बाईलाही पाठ आहे. मला त्यांची एक सवय सर्वांत मोलाची वाटते. पैसे सगळ्यांसमोर सतरंजीवर मोजले जातात आणि वही मोठ्याने वाचली जाते. कोणी किती भरले, कोणाचा हप्ता थकला, पेटीत किती उरले, हे जिला अक्षर येत नाही तिलाही कानांनी कळते. मोठमोठ्या संस्थांचे लेखापरीक्षण अहवाल इंग्रजीत छापून सभेत वाटले जातात आणि ‘वाचला असे समजून मंजूर’ होतात. त्यापेक्षा ही सतरंजीवरची पद्धत कितीतरी चोख आहे. वाचनालयांच्या आणि जिमखान्यांच्या कार्यकारिणीने एखाद्या बचत गटाच्या बैठकीला जाऊन मागे बसावे, असे मी मनापासून सुचवतो. अध्यक्ष-सचिवपद आळीपाळीने द्यावे असे गटांनाही सांगितलेले असते. तेवढे मात्र सगळीकडे पाळले जात नाही.

दुसरे शिकण्यासारखे ठिकाण दिंडी. सेनगावपासून नर्सी नामदेव जवळ आहे आणि नर्सीहून दरवर्षी नामदेव महाराजांची पालखी पंढरपूरला जाते, त्यामुळे दिंडीची व्यवस्था आपल्या घराघरात माहीत आहे. दिंडीप्रमुख, विणेकरी, पखवाजी, टाळकरी यांची ठरलेली कामे, ठरलेली जागा, आणि जेवणखर्चासाठी वारकऱ्याने भरायची भिशी. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात तक्रार ऐकण्याची एक जागा आहे. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि सगळीकडे शांतता होते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, हरवले-सापडले ते पुकारले जाते, आणि मगच आरती पुढे जाते. हजारोंच्या समुदायात एका लहान दिंडीचा आवाज दाबता येत नाही, कारण तो ऐकल्याशिवाय दिवस संपत नाही. कोणत्याही क्लबच्या घटनेत तक्रार निवारणाचे कलम याहून चांगले लिहिता येईल असे मला वाटत नाही. आपल्या संस्थांमध्ये तक्रारी चहाच्या टपरीवर होतात आणि वार्षिक सभेत सगळे गप्प बसतात. टाळ वाजवत राहण्याचा हक्क सभासदाला घटनेनेच दिला पाहिजे.

शिस्तभंगाची कारवाई हा याच विषयाचा दुसरा भाग. सभासदाला काढून टाकता येते का? येते, पण नियमात लिहिले असेल तरच आणि लिहिले असेल तसेच. यावरचा नेहमी आधाराला घेतला जाणारा निकाल बेळगावचा आहे. तिथल्या लॉज व्हिक्टोरिया या फ्रीमेसन लोकांच्या मंडळाने एका सभासदाला काढले, आणि प्रकरण १९६२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने सांगितले की संस्थेत येताना सभासद तिचे नियम मान्य करून येतो, म्हणून ते त्याला बांधतात. पण काढण्याची सत्ता नियमाबरहुकूमच वापरावी लागते, आरोप काय आहेत ते त्याला कळले पाहिजे आणि उत्तर देण्याची संधी मिळाली पाहिजे. क्लबची समिती म्हणजे कोर्ट नव्हे, साक्षीपुराव्याचा काटेकोर कायदा तिला लागू नाही. तरी प्रामाणिकपणा आणि नैसर्गिक न्याय यांतून तिची सुटका नाही. मागच्या तारखेचे नोटिसपत्र, सही न घेता ‘पोहोचले’ म्हणून लावलेला शेरा, आणि ज्याच्याशी भांडण त्यालाच चौकशी समितीवर बसवणे, ही कामे जिथे होतात तिथली कारवाई कोर्टात टिकत नाही, आणि टिकू नये.

कायद्याच्या कागदांबद्दल थोडे सांगावे लागेल, कारण संस्था बहुतेकदा तिथेच अडतात. मुंबईचे मोठे क्लब बहुधा कंपनी म्हणून नोंदलेले असतात. आपल्याकडची संस्था साधारणपणे १८६०च्या अधिनियमाखाली नोंदते आणि धर्मादाय उद्देश असेल तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीही तिला नोंदावे लागते. म्हणून प्रमाणपत्रे दोन असतात आणि दुसऱ्यावर ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक असतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, त्याआधीच्या संस्थांच्या कागदांवर परभणीचे नाव दिसते. पतसंस्था आणि सोसायट्या सहकार कायद्याखाली येतात, त्यांचे शास्त्र वेगळे आणि त्यांत लाभांश असतो. १८६०च्या कायद्याच्या संस्थेत मात्र सभासदाला कधीही नफा वाटून घेता येत नाही. ती बंद करायची झाली तरी तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते, आणि उरलेली मालमत्ता सभासदांत न वाटता दुसऱ्या संस्थेकडेच द्यावी लागते. उद्देश बदलायचा असेल तर दहा दिवस आधी प्रस्ताव सभासदांना पाठवायचा, खास सभेत तीन-पंचमांश मते मिळवायची आणि महिन्याभरानंतर दुसऱ्या खास सभेत तेवढ्याच मतांनी ते पुन्हा कायम करायचे. आजच्या घाईत ही पद्धत संथ वाटते. पण कालची तालीम उद्या एखाद्याचे मंगल कार्यालय होऊ नये म्हणून तो संथपणा ठेवलेला आहे.

पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’ द्यायचा असतो. या एका कागदाने जितक्या संस्था मारल्या तितक्या कोणत्याही राजकारणाने मारल्या नसतील, असे माझे मत आहे. निवडणूक होते, हार घातले जातात, पेपरात फोटो येतो, आणि रिपोर्ट कोणी देत नाही. पुढची निवडणूकही तशीच होते. दहा वर्षांनी धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत, म्हणजे परिशिष्ट एकवर, अजून पहिलीच नावे असतात, त्यांतली काही माणसे वारलेली असतात, आणि अनुदान असो की बँकेचे खाते, प्रत्येक ठिकाणी त्याच नावांच्या सह्या मागितल्या जातात. मग दोन गट पडतात, दोन्ही आपापला रिपोर्ट दाखल करतात आणि तारखा सुरू होतात. हे टाळायला वकील लागत नाही. सभा झाल्याच्या आठवड्यात अर्ज भरणारा एक नेमका सचिव लागतो.

पैशाबद्दल या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, तरी एक इशारा इथेच देतो. नवी संस्था हौसेने आजीव सभासद करते. एकरकमी पैसे येतात, त्यांतून कपाटे, खुर्च्या आणि उद्घाटनाचा मांडव होतो, आणि पुढच्या वर्षापासून त्या माणसांकडून काहीच येत नाही. पण त्यांचे मत आयुष्यभर राहते. संस्थेला रोजचा खर्च असतो आणि तो वार्षिक वर्गणी देणारे मूठभर लोक उचलतात. आजीव वर्गणीला हात न लावता ती मुदत ठेवीत ठेवायची आणि फक्त व्याज वापरायचे, असा नियम पहिल्याच दिवशी घटनेत घातला पाहिजे. मोठे क्लब प्रवेशशुल्क आणि चालू वर्गणी यांचे हिशेब वेगळे ठेवतात, त्यामागे हेच कारण आहे. शिवाय त्यांच्याकडे पगारी व्यवस्थापक असतो. धोरण समितीने ठरवायचे आणि रोजचे काम व्यवस्थापकाने करायचे, ही वाटणी जिथे पाळली जाते तिथे नोकर टिकतात. समितीतला प्रत्येक जण ग्रंथपालाला वेगळा हुकूम सोडू लागला की चांगला ग्रंथपाल वर्षभरात निघून जातो.

आता खुर्चीबद्दल. संस्थापकांविषयी मला मनापासून आदर आहे. स्वतःच्या खिशातले पैसे घालून, घरच्यांची बोलणी खाऊन त्यांनी या संस्था उभ्या केल्या. पण त्यांतले पुष्कळ जण ती संस्था दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी करत नाहीत, आणि लोकही त्यांना तसे सांगायला संकोचतात. दादांसमोर कसे बोलायचे? वडीलधाऱ्या माणसाचा मान राखायचा ही आपली रीत चांगली आहे, आणि म्हणूनच त्यांना उठवण्याचे काम माणसावर न सोडता नियमावर सोडले पाहिजे. सलग दोन मुदतींनंतर तेच पद पुन्हा नाही. कार्यकारिणीतले एक-तृतीयांश सदस्य दरवर्षी आळीपाळीने निवृत्त. एकाच कुटुंबातले दोघे एका वेळी पदावर नाहीत. जुन्या अध्यक्षांसाठी मानाचे सल्लागारपद, मताशिवाय. असे लिहून ठेवले की कोणाचा अपमान होत नाही आणि कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही. नव्या पोरांना पद मिळाले की ते चुका करतील, हे खरे आहे. पण वहीत नीट लिहिलेली चूक पुढच्या सभेत दुरुस्त होते. वीस वर्षे एकाच कपाटात राहिलेली वही कोणीच दुरुस्त करू शकत नाही.

बायकांबद्दलही एक शब्द. बचत गटांमध्ये हिशेब, बैठक आणि बँक सांभाळणाऱ्या शेकडो बायका तालुक्यात तयार झाल्या आहेत, आणि तरी वाचनालये, क्रीडा मंडळे, व्यापारी संघटना यांच्या कार्यकारिणीत त्यांची नावे शोधावी लागतात. असतात तिथे ती बहुधा कोणाची तरी पत्नी म्हणून असतात आणि सही घरी पाठवून घेतली जाते. कोषाध्यक्ष मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या संस्थांनी शेजारच्या गल्लीतल्या गटाच्या सचिवाकडे आधी जावे.

ही पुस्तिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलीच पाहिजे असे नाही. नवी संस्था काढणाऱ्याने घटनेच्या मसुद्यापासून सुरुवात करावी, चालू संस्थेतल्या सभासदाने वार्षिक सभेचे प्रकरण आधी पाहावे. मात्र त्याआधी प्रत्येकाने एक काम करावे. आपण ज्या संस्थेचे सभासद आहात असे आपल्याला वाटते, तिच्या सचिवांकडे जाऊन सभासद नोंदवहीत आपले नाव आहे का ते पाहावे आणि वर्गणीची शेवटची पावती कधीची आहे तेही तपासावे. १८६०च्या अधिनियमाचे पंधरावे कलम स्पष्ट आहे. वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली असेल तर त्या माणसाला मत देता येत नाही आणि त्याला सभासद म्हणून मोजलेही जात नाही. थकली असेल तर आजच भरा आणि पावती घ्या.